घरच्या वायफायचा पासवर्ड बदलताना : 'सेव्ह' दाबण्याआधी, दाबताना आणि नंतर

घरच्या वायफायचा पासवर्ड बदलण्याचं प्रत्यक्ष काम पाच मिनिटांचं आहे. तरीही राउटर बसवला त्या दिवशीचाच पासवर्ड वर्षानुवर्षं चालू असलेली घरं कितीतरी सापडतात. 'बदलला आणि नेटच बंद पडलं तर?' ही धास्ती बहुतेकांच्या मनात असते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. घाईत बदल केला की टीव्ही बंद, प्रिंटर बंद, कुणाची तरी ऑनलाइन मीटिंग मध्येच तुटलेली आणि राउटरच्या पानावर परत कसं जायचं तेही कळेना, अशी अवस्था होऊ शकते. हे सगळं टाळता येतं. टाळायचं काम मात्र 'सेव्ह' दाबण्याच्या आधी करायचं असतं, म्हणून या लेखात तयारीला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

बदलायची वेळ कधी येते

दर महिन्याला पासवर्ड बदलायची गरज नाही. अमेरिकेतल्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१७ साली संस्थांसाठी दिलेल्या सूचनांत, ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती करू नका, असंच सांगितलं आहे. सक्ती झाली की माणसं जुन्याच पासवर्डच्या शेवटी एक आकडा वाढवून मोकळी होतात. हा तर्क घरालाही तितकाच लागू पडतो. कारण असेल तेव्हा बदला, पण बदलाल तेव्हा नीट बदला.

कारणं साधी असतात. पासवर्ड अजूनही राउटरच्या स्टिकरवर छापलेलाच आहे. किंवा तो फोन नंबर, जन्मतारीख, घराचं नाव यांपैकी काहीतरी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या अनेकांना तो दिला गेला आहे आणि आता कोणाकडे आहे हेच आठवत नाही. घरात राहणारं कुणी कायमचं निघून गेलं आहे. वायफाय जोडलेला फोन किंवा लॅपटॉप हरवला आहे. किंवा जोडलेल्या उपकरणांच्या यादीत ओळखीचं नसलेलं काहीतरी दिसतंय. यांतलं एकही कारण लागू होत असेल तर आजच बदला.

या शेवटच्या कारणाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यावरून उगाच घबराट होते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला स्वतःचा खरा हार्डवेअर पत्ता न सांगता एक बनावट पत्ता सांगतात. ही सोय खासगीपणासाठीच केलेली आहे. त्यामुळे राउटरच्या यादीत तुमचाच फोन एखाद्या अनोळखी अक्षर-आकड्यांच्या ओळीसारखा दिसू शकतो. यादीतली नावं ओळखत बसण्यापेक्षा उपकरणं मोजा. घरातले फोन, लॅपटॉप, टीव्ही, स्पीकर, कॅमेरे, दिवे, प्रिंटर असं सगळं धरून आकडा जुळत नसेल, तर शंका रास्त आहे.

पासवर्ड एक नाही, दोन आहेत

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एक असतो वायफायचा पासवर्ड. तो आपण फोनमध्ये टाकतो, पाहुण्यांना सांगतो. दुसरा असतो राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड, ज्याला राउटरचा लॉगिन किंवा अ‍ॅडमिन पासवर्ड म्हणतात. पहिल्याने इंटरनेट वापरता येतं. दुसऱ्याने पहिला पासवर्ड बदलता येतो, आणि नेटवर्कचं बाकी सगळंही बदलता येतं.

राउटर उलटा करून खालचा स्टिकर पाहा. त्यावर बहुधा दोन जोड्या असतात. नेटवर्कचं नाव आणि त्याची 'की' ही एक जोडी, तर राउटरचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड ही दुसरी. अक्षरं बारीक असतात आणि राउटर भिंतीवर लावलेला असेल तर मान वाकडी करूनही वाचता येत नाहीत. फोनने फोटो काढून मोठा करून वाचा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि इंग्रजी एल इथे हमखास फसवतात.

आपण पहिला पासवर्ड बदलायला निघालो असलो तरी दुसराही आजच बदलायचा आहे. 'अ‍ॅडमिन' हेच युजरनेम आणि 'अ‍ॅडमिन' हाच पासवर्ड अशी अवस्था जुन्या राउटरवर सर्रास असते. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून येणाऱ्या अशाच युजरनेम-पासवर्डच्या साठ-एक जोड्या ओळीने लावून पाहत. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या ताब्यातल्या उपकरणांनी, संकेतस्थळांची नावं त्यांच्या पत्त्यांशी जुळवून देणाऱ्या 'डाइन' या कंपनीच्या सर्व्हरवर मारा केला आणि कित्येक मोठी संकेतस्थळं काही तास उघडेनाशी झाली. ज्यांची उपकरणं त्यात वापरली गेली, त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नसणार.

राउटरच्या पानापर्यंत पोचणं

तुमच्या राउटरचं अ‍ॅप असेल तर काम सोपं आहे. अ‍ॅप उघडा, वायफाय किंवा नेटवर्क सेटिंगमध्ये जा, पासवर्ड बदला. घरभर तीन-चार ठिकाणी ठेवायच्या मेश राउटरना तर बहुतेक वेळा हाच मार्ग असतो, आणि अ‍ॅपमधून केलेला बदल सगळ्या डब्यांवर आपोआप जातो.

अ‍ॅप नसेल तर ब्राउझरमधून जायचं. शक्य असेल तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. वायफायवरूनही सगळं होतं, पण पासवर्ड बदलल्याच्या क्षणी वायफायवरचं उपकरण तुटतं. केबलवरचं उपकरण जोडलेलंच राहतं. टाइप करताना एखादं अक्षर चुकलं असेल तर केबलवरून लगेच परत जाऊन पाहता येतं.

आता राउटरचा पत्ता हवा. बऱ्याच राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. काहींचा १९२.१६८.१००.१ किंवा १०.०.०.१ असाही असतो. अंदाज करत बसू नका, तुमच्या उपकरणालाच विचारा. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधल्या वायफायमध्ये जाऊन जोडलेल्या नेटवर्कच्या नावाशेजारचं चिन्ह दाबा आणि 'गेटवे' शोधा. आयफोनमध्ये नेटवर्कच्या शेजारचं गोलातलं 'आय' दाबलं की खाली 'राउटर' असं लिहिलेलं सापडतं. मॅकवर सिस्टीम सेटिंग्ज, वायफाय, 'डिटेल्स' आणि मग 'टीसीपी/आयपी' असा रस्ता आहे. विंडोजवर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून आयपीकॉन्फिग हा शब्द रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि एंटर दाबा. 'डीफॉल्ट गेटवे'समोर जो आकडा येईल तोच राउटरचा पत्ता.

तो पत्ता ब्राउझरच्या अगदी वरच्या पट्टीत टाइप करायचा. कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा, देवनागरी आकडे चालणार नाहीत. पत्ता शोधपेटीत टाकून सर्च मात्र करू नका. शोधात राउटर लॉगिनच्या नावाखाली भलतीच पानं समोर येतात, आणि आकडा १ च्या जागी इंग्रजी एल टाकून बनवलेले दिसायला तसेच पत्तेही असतात. खरा राउटर तुमच्या घरात आहे, त्याच्या पानासाठी इंटरनेट लागतच नाही. इंटरनेट बंद असतानाही ते पान उघडायला हवं.

पान उघडत नसेल तर फोनचा मोबाइल डेटा बंद करा. चालू असेल तर व्हीपीएनही बंद करा. आपण राउटरच्याच वायफायवर आहोत, शेजारच्या किंवा एक्स्टेंडरच्या (रेंज वाढवणाऱ्या जोडडब्याच्या) दुसऱ्या नावावर नाही, याची खात्री करा. उघडल्यावर ब्राउझर 'नॉट सिक्युअर' असा इशारा देईल. इतरत्र तो गांभीर्याने घ्यायचा असतो. इथे मात्र आपण घरातल्याच राउटरशी बोलतोय आणि पत्ता आपल्याच उपकरणाने सांगितलाय, तेव्हा पुढे जायला हरकत नाही.

नवा पासवर्ड आधी ठरवा, मगच लॉगिन करा

समोर रिकामा रकाना आला की डोक्यात पहिलं येतं ते टाइप केलं जातं, आणि पहिलं येतं ते दुसऱ्यालाही सुचण्यासारखं असतं. म्हणून पासवर्ड आधी कागदावर लिहून काढा.

वायफायचा पासवर्ड किमान ८ आणि कमाल ६३ अक्षरांचा असतो. अक्षरं, आकडे, चिन्हं इंग्रजी कीबोर्डवरचीच चालतात, देवनागरी चालत नाही. रोमन लिपीत लिहिलेले मराठी शब्द मात्र मस्त चालतात.

लांबी का महत्त्वाची, ते एकदा समजून घेतलं की आयुष्यभर लक्षात राहतं. पासवर्ड फोडू पाहणारा माणूस दाराबाहेर बसून फोनवर एकेक पासवर्ड टाकून पाहत नाही. तुमचा फोन वायफायला जोडला जाताना फोन आणि राउटर यांच्यात चार संदेशांची देवाणघेवाण होते. वायफायच्या सुरक्षेच्या 'डब्ल्यूपीए२' या पद्धतीत ती हवेतून एकदा टिपली, की पुढचं काम तो स्वतःच्या कॉम्प्युटरवर निवांत करू शकतो. एक पासवर्ड धरायचा, त्यावर नेटवर्कच्या नावासकट ४,०९६ फेऱ्यांचं गणित करायचं, उत्तर जुळतं का पाहायचं, नाही जुळलं तर पुढचा. चांगलं ग्राफिक्स कार्ड असे दहा लाखांहून जास्त पासवर्ड एका सेकंदात तपासतं.

आता हिशेब करा. फक्त आकड्यांचा आठ अंकी पासवर्ड म्हणजे १० कोटी शक्यता, सेकंदाला १० लाखांच्या वेगाने १०० सेकंदांचं काम. दहा अंकी फोन नंबर म्हणजे १,००० कोटी शक्यता, तीन तासही लागत नाहीत. जन्मतारीख तर त्याहून सोपी, कारण शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मिळून ३६,५०० च्या आसपास भरतात. तेवढ्या एका सेकंदात संपतात. आणि आता २,००० सोप्या शब्दांच्या यादीतून नेम न धरता उचललेले पाच शब्द घ्या. फोडणाऱ्याला ती यादी माहीत आहे असं धरलं, तरी त्याच वेगाने सगळ्या शक्यता संपवायला हजार वर्षं लागतात. शब्द सगळे साधे, लहान लिपीतले, एकही चिन्ह नाही, तरीसुद्धा.

पाच शब्दांचा पासवर्ड मला आणखी एका कारणासाठी पटतो. हा पासवर्ड तुम्हाला टीव्हीच्या रिमोटने टाकायचा आहे. डावं, उजवं, वर, खाली करत एकेक अक्षर पकडायचं, त्यात मोठी लिपी, छोटी लिपी आणि चिन्हांचं वेगळं पान उघडायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. लहान लिपीतली पंचवीस अक्षरं त्यापेक्षा लवकर टाकून होतात. प्रिंटरच्या एवढ्याशा पडद्यावरही तेच.

शब्द निवडताना मात्र आपल्या मनावर सोडू नका. डोळे मिटून शब्दकोश पाच ठिकाणी उघडा आणि बोट पडेल तिथला सोपा शब्द घ्या. उदाहरणार्थ : विमान, कासव, गवत, तबला, पणती. हे पाच इथे छापले गेले, तेव्हा तुम्ही दुसरे घ्या. म्हण, अभंगाची ओळ, गाण्याचा मुखडा घेऊ नका, कारण ते शब्द एकमेकांना बांधलेले असतात आणि एकावरून दुसरा ओळखता येतो. रोमनमध्ये एकाहून जास्त प्रकारे लिहिले जाणारे शब्दही टाळा. 'चूक', 'क्षण', 'झाड' यांसारखे शब्द घरातला प्रत्येक जण वेगळे लिहील आणि 'पासवर्ड चुकतोय' म्हणून तुमच्याकडे येईल. शब्दांमध्ये आडवी रेघ हवी तर टाका. मोकळी जागा आणि अवतरणचिन्हं नकोत, काही जुनी उपकरणं त्यावर अडखळतात.

राउटरच्या लॉगिनसाठी असाच दुसरा, पूर्ण वेगळा पासवर्ड ठरवा. तो पाहुण्यांना सांगायचा नसतो, टीव्हीत टाकायचा नसतो, त्यामुळे पासवर्ड मॅनेजरने (पासवर्ड बनवून साठवून ठेवणाऱ्या अ‍ॅपने) बनवलेला कितीही किचकट असला तरी चालेल. मात्र काही राउटर लॉगिन पासवर्डची लांबी १५ किंवा १६ अक्षरांवरच थांबवतात आणि पुढचं न सांगता कापून टाकतात. बदलल्यावर लगेच बाहेर पडून पुन्हा लॉगिन करून पाहा.

सेव्ह दाबण्याआधीची पाच कामं

घरातल्यांना सांगा. कुणाची परीक्षा, मीटिंग किंवा मोठं डाउनलोड चालू नाही ना, हे विचारा.

वायफायवर काय काय आहे त्याची यादी कागदावर करा. फोन-लॅपटॉप सगळ्यांना आठवतात. विसरतात ते प्रिंटर, दाराची घंटा, कॅमेरा, स्मार्ट दिवे, घड्याळ, ई-पुस्तकाचं रीडर आणि रेंज वाढवायला लावलेला एक्स्टेंडर.

सध्याचं नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार यांचा फोटो काढून ठेवा. काही बिघडलं तर पूर्ववत करता येईल.

राउटरच्या पानावर सेटिंगचं 'बॅकअप' घ्यायची सोय असेल तर तेही घ्या.

पाचवं काम म्हणजे आधी राउटरचा लॉगिन पासवर्ड बदलणं. हा क्रम महत्त्वाचा आहे. जुना लॉगिन पासवर्ड तसाच ठेवून वायफायचा पासवर्ड बदलला, तर केबलने किंवा एखाद्या उपकरणातून आत असलेला माणूस नवा पासवर्ड राउटरच्या पानावर जाऊन वाचू शकतो. हे सेटिंग बहुधा 'सिस्टीम', 'मेंटेनन्स', 'मॅनेजमेंट' किंवा 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' या नावाखाली असतं.

प्रत्यक्ष बदल

राउटरच्या पानावर 'वायरलेस', 'वायफाय' किंवा 'डब्ल्यूएलएएन' असं लिहिलेला भाग उघडा. त्यात 'सिक्युरिटी' असा वेगळा उपविभाग असू शकतो. पासवर्डच्या रकान्याचं नाव दर कंपनीत वेगळं असतं : 'पासवर्ड', 'पासफ्रेज', 'प्री-शेअर्ड की', 'डब्ल्यूपीए की', 'नेटवर्क की'. सगळ्यांचा अर्थ एकच. नेटवर्कच्या नावाला बहुधा 'एसएसआयडी' म्हटलेलं असतं.

इथे दोन नेटवर्क दिसली तर गोंधळू नका. एक २.४ गिगाहर्ट्झवरचं असतं. ते दूरवर पोचतं, वेग कमी. दुसरं ५ गिगाहर्ट्झवरचं. ते वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतं. अनेक राउटरवर दोघांचे पासवर्ड वेगवेगळे टाकावे लागतात. एकाचा बदलला आणि दुसऱ्याचा तसाच राहिला, तर जुना पासवर्ड असलेला प्रत्येक जण त्या दुसऱ्या दाराने आत येतच राहील. दोन्हीकडे बदला. पाहुण्यांसाठीचं वेगळं 'गेस्ट नेटवर्क' चालू असेल तर ते तिसरं, तिथेही पाहा.

जुना पासवर्ड पूर्ण पुसून नवा टाका. डोळ्याचं चिन्ह दाबून टाइप केलेलं कागदाशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा.

मग सुरक्षेचा प्रकार. 'डब्ल्यूपीए३' असेल तर उत्तम. ही पद्धत २०१८ मध्ये आली आणि तिच्यात वर सांगितलेली, संदेश टिपून निवांत पासवर्ड फोडायची युक्ती चालत नाही. घरात जुनी उपकरणं असतील तर 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय निवडा, नाहीतर ती उपकरणं नेटवर्क शोधूनही जोडली जाणार नाहीत. फक्त 'डब्ल्यूपीए२' असेल तर त्यातला 'एईएस' हा प्रकार घ्या. चांगल्या लांब पासवर्डसोबत तोही आज पुरेसा आहे. 'डब्ल्यूईपी' मात्र कुठल्याही कारणासाठी ठेवू नका. ती १९९७ ची पद्धत, २००१ मध्येच तिच्यातला दोष उघड झाला आणि पासवर्ड कितीही भारी असला तरी ती काही मिनिटांत फुटते. राउटरमध्ये डब्ल्यूईपीच्या पुढचं काहीच नसेल तर तो राउटर बदलायची वेळ झाली आहे.

नेटवर्कचं नाव बदलायचं की तसंच ठेवायचं? राउटर कारखान्यातून घेऊन आला तेच नाव असेल तर बदला. त्या नावातून बहुधा राउटरची कंपनी, कधी मॉडेलही कळतं. शिवाय पासवर्डच्या गणितात नेटवर्कचं नावही मिसळलेलं असतं, आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या नावांसाठी ही गणितं आधीच करून ठेवलेले तक्ते फिरत असतात. आडनाव किंवा घर क्रमांक नावात घालू नका. देवनागरीतलं नाव ठेवायचा मोह होतो, मलाही तो फार समजतो. पण नावासाठी ३२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं एकेक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणजे दहा चिन्हांत नाव संपवावं लागतं. जुन्या प्रिंटरवर ते नाव नुसत्या चौकटींसारखं दिसतं ते वेगळंच.

आता 'सेव्ह' किंवा 'अप्लाय' दाबा. वायफायवरून हे करत असाल तर पुढचे काही क्षण भीतीदायक वाटतात. पान गोल गोल फिरत राहतं, वायफायचं चिन्ह गायब होतं, कधीकधी 'हे पान उघडता येत नाही' असंही येतं. हे सगळं अपेक्षित आहे. राउटर नव्या पासवर्डने वायफाय पुन्हा सुरू करतोय. दोन मिनिटं कशालाही हात लावू नका, राउटरचा प्लग तर मुळीच काढू नका.

पुन्हा जोडणी

आधी एकच फोन जोडा. वायफायच्या यादीत घरच्या नेटवर्कचं नाव दिसेल, पण फोन जुनाच पासवर्ड पाठवत राहील आणि 'जोडता येत नाही' म्हणेल. काही फोन स्वतःहून नवा पासवर्ड विचारतात, काही विचारत नाहीत. न विचारणाऱ्या फोनमध्ये नेटवर्कच्या नावावर जाऊन 'फर्गेट' निवडा, मग यादीतून पुन्हा तेच नाव निवडून नवा पासवर्ड टाका. 'पासवर्ड बरोबर टाकूनही चालत नाही' या तक्रारींतल्या निम्म्याहून अधिक मी तरी एवढ्यानेच सुटताना पाहिल्या आहेत.

तो फोन जोडला गेला की बाकीच्यांना टाइप करायची गरज नाही. अँड्रॉइड १० पासून वायफाय सेटिंगमध्ये 'शेअर'चा क्यूआर कोड मिळतो. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन केला की काम झालं. दोन्ही आयफोन असतील, एकमेकांच्या संपर्कयादीत असतील आणि ब्लूटूथ चालू असेल, तर जोडलेल्या फोनवर 'पासवर्ड शेअर करायचा का' असा प्रश्न आपोआप येतो.

प्रिंटर आणि टीव्हीत पासवर्ड बहुधा हातानेच टाकावा लागतो. स्मार्ट दिवे, प्लग, कॅमेरे यांना मात्र पडदाच नसतो. त्यांच्या अ‍ॅपमध्ये 'वायफाय बदला' अशी सोय असेल तर ठीक, नाहीतर ते उपकरण रीसेट करून पहिल्यापासून जोडावं लागतं. यांतली बरीच उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात. दोन्ही नेटवर्कचं नाव एकच असेल आणि दिवा काही केल्या जोडला जात नसेल, तर राउटरमधून ५ गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद करा, दिवा जोडा, मग परत चालू करा. सगळी उपकरणं एका बैठकीत जोडायचा हट्टही धरू नका. नेहमी लागणारी आज, बाकीची सवडीने.

एक्स्टेंडर वेगळा आठवणीत ठेवा. त्याच्यात जुना पासवर्ड भरलेला असतो, त्यामुळे तो राउटरपासून तुटतो. पण स्वतःचं नेटवर्क दाखवत राहतो. मागच्या खोलीतला फोन त्याला जोडला जातो, पूर्ण रेंज दिसते आणि इंटरनेट मात्र नसतं. 'पासवर्ड बदलल्यापासून नेट गेलं' असं कुणी म्हणालं की आधी एक्स्टेंडर पाहा.

सगळं जोडून झालं की राउटरच्या पानावर परत जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी कागदावरच्या यादीशी ताडा.

आत आहातच तर हेही करून घ्या

'डब्ल्यूपीएस' बंद करा. बटण दाबून किंवा आठ अंकी पिन टाकून उपकरण जोडायची ही सोय. त्या पिनने सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. शेवटचा अंक नुसता पडताळणीचा असतो आणि राउटर पिनचे दोन अर्धे वेगवेगळे तपासतो. त्यामुळे १० कोटी शक्यतांऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. हा दोष २०११ च्या डिसेंबरात जाहीर झाला. नंतरच्या राउटरमध्ये चुकीच्या प्रयत्नांना लगाम घातलेला असतो, तरी वापरत नसाल तर चालू ठेवायचं कारणच काय? तुमचा पाच शब्दांचा पासवर्ड या पिनच्या वाटेवर आडवा येतच नाही.

'रिमोट मॅनेजमेंट' बंद असल्याचं पाहा, म्हणजे घराबाहेरून राउटरचं पान उघडणार नाही. फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आलेलं असेल तर करून घ्या. आणि गेस्ट नेटवर्क चालू करून त्याला वेगळा, सोपासा पण अंदाज न येणारा पासवर्ड द्या. पाहुण्यांना, दुरुस्तीला आलेल्यांना तोच द्यायचा. तो वाटेल तेव्हा बदलता येतो आणि तुमचा टीव्ही-प्रिंटर जागेवर राहतात. पुढच्या खेपेची निम्मी दगदग यानेच वाचते.

पासवर्ड लिहून ठेवावा का? ठेवावा. घरातल्या वहीत किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये. फ्रिजवर, दारावरून दिसेल असा नको, आणि मेसेजच्या ग्रुपवर तर नकोच, कारण ग्रुपमधून माणूस गेला तरी मेसेज त्याच्या फोनमध्ये राहतो.

राउटरचा लॉगिन पासवर्डच माहीत नसेल तर

आधी स्टिकरवरचा वापरून पाहा. तो चालला नाही तर राउटर बसवून देणाऱ्याने किंवा घरातल्या कुणी बदलला असेल, त्यांना विचारा. राउटर इंटरनेट कंपनीनेच दिलेला असेल तर त्यांच्या ग्राहक सेवेला फोन करा. अनेक कंपन्या वायफायचा पासवर्ड स्वतःच्या अ‍ॅपमधूनही बदलू देतात. राउटरच्या पानावर जावंच लागत नाही.

शेवटचा उपाय रीसेट. राउटर चालू असताना मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून आतलं बटण साधारण दहा सेकंद, दिवे एकदम लुकलुकेपर्यंत दाबून ठेवायचं. राउटर कारखान्यातून आला तसा होतो आणि स्टिकरवरचे दोन्ही पासवर्ड पुन्हा चालू लागतात. पण टाचणी हातात घेण्याआधी थांबा. इंटरनेट जोडणीसाठी राउटरमध्ये कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड भरलेलं असू शकतं, आणि रीसेटमध्ये तेही पुसलं जातं. मग वायफाय येईल, इंटरनेट येणार नाही. आधी कंपनीकडून ते युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या. फायबरची तार थेट ज्या डब्यात जाते तो डबा तर कंपनीला विचारल्याशिवाय रीसेट करूच नका. काही डब्यांची मांडणी कंपनीकडूनच पुन्हा करून घ्यावी लागते.

रीसेट नक्की करायचा तो एका प्रसंगी : राउटर कुणाला देऊन टाकताना किंवा कंपनीला परत करताना. त्यात तुमच्या नेटवर्कचं नाव, वायफायचा पासवर्ड आणि कंपनीचं लॉगिन असं सगळं साठवलेलं असतं. नव्या राउटरवर इंटरनेट चालू झालं, एक-दोन दिवस नीट चाललं, की मग जुना प्लगला लावून रीसेट करा आणि त्याचं नेटवर्क स्टिकरवरच्या नावाने दिसतंय हे फोनवर पाहूनच हातावेगळा करा.